विहाराच्या दारातला जपानी बांबू

जपानबद्दल मला काहीही माहीत नाही. ही गोष्ट मी गावातल्या शंभरेक माणसांना वेळच्या वेळी सांगायला हवी होती.

पण वेळच्या वेळी सांगणं मला जमत नाही. मी शहापूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. दिवसभर माझा संबंध रक्ताशी आणि लघवीशी येतो आणि दोघंही स्वतःहून बोलायला येत नाहीत, म्हणून ही नोकरी मला फार आवडते. एसटीत पुढच्या माणसाच्या खिडकीतून पाऊस आत आला, तर ‘खिडकी लावा’ म्हणण्यापेक्षा मी भिजते. अशा मुलीला पप्पांनी दहा वर्षं इंग्लिश मीडियममध्ये घातलं. आमच्याकडे, म्हणजे शेणव्याच्या पुढे दोन फाटे सोडून जे गाव लागतं तिथे, इंग्लिश मीडियम म्हणजे ‘ही कुणाशीही, कशावरही, न घाबरता बोलते’ असा समज आहे. मी तो मोडला नाही. तो मोडायलाही बोलावंच लागलं असतं!

तर एका रविवारी पप्पा विहाराच्या कमिटीच्या मीटिंगहून आले ते चप्पल न काढताच म्हणाले, “प्रज्ञा, तुझं काम झालं!”

माझं कुठलंही काम अडलेलं नव्हतं.

“जपानवरनं पाहुण्या येतायत. नोरिकोताई. वय झालंय, पण गावोगावचे बुद्धविहार बघत फिरतायत. पुढच्या रविवारी आपल्याकडे. त्या इंग्लिशमध्ये बोलनार, आणि माईकवर मराठी कोन करनार, असं गुरुजींनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, माझी प्रज्ञा हाय ना!”

पप्पा मुरबाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. तिथे कुणी काही मागितलं की ‘हाय ना’ म्हणून काढून देतात. मलाही तसंच काढून दिलं होतं.

त्या दिवशी मी जेवले नाही. घरात अठरा फेऱ्या मारल्या. आईने शेवटी विचारलं, “पोट बिघडलंय का?” मी ‘हो’ म्हटलं, कारण ते कमी शब्दांत होत होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीत मी मोबाइलवर ‘जपान’ असं शोधलं आणि मला तो व्हिडिओ सापडला. हिरवंगार शेवाळ, काळे दगड आणि मधोमध एक बांबू. वरच्या नळीतून पाण्याची बारीक धार त्यात पडते, बांबू हळूहळू भरतो, वाकतो, सगळं पाणी ओततो आणि परत जागेवर येतो. पुन्हा भरतो. बस्स! इतकं शांत, इतकं गुमान काम करणारं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला तो बांबू नातेवाईक वाटला. (इयरफोन घरी राहिले होते आणि भरल्या एसटीत आवाज मोठा करणाऱ्यांपैकी मी नाही. म्हणून व्हिडिओ मी मुका पाहिला. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

संध्याकाळी मी गुरुजींच्या घरी गेले. गुरुजी म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक, आवाज असा की शाळा सुटल्याची घंटा वेगळी लागायची नाही.

“गुरुजी, मी विहाराच्या दारात जपानी बाग करते. छोटीशी. पाहुण्यांना घरच्यासारखं वाटेल. फक्त... माईक तेवढा नको.”

“मग भाषांतर कोण करणार?”

“तुम्ही.”

गुरुजींच्या चेहऱ्यावर वीज आली. त्यांनाही तेच हवं होतं, फक्त कुणी म्हणत नव्हतं. “स्वागताचं इंग्रजी मी लिहून काढतो. पण हे बघ, बाग नीट झाली पाहिजे. नाहीतर कार्यक्रमात तुझं काही नाही असं तुझ्या पप्पांना वाटेल. बाग फसली, तर माईक तुझा!”

सौदा ठरला. एका बाजूला बांबू, दुसऱ्या बाजूला माईक. सहा दिवस होते.

बांबू आणायचं काम काकाकडे गेलं. भीमाकाका म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ. भातशेती, उन्हाळी काकडी आणि गावातल्या प्रत्येक मांडवाचे खांब हे त्याचे विषय. मी त्याला म्हटलं, “काका, आतून पोकळ बांबू पाहिजे. जाड.” तो “हां हां” म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी खांद्यावरून एक बांबू आणून अंगणात आपटला. अंगण हादरलं.

“बघ! एकदम भरीव! पाक उंबरमाळीच्या बाजूनं आनलाय. पंधरा वर्षं हलनार नाय!”

“काका... पोकळ हवा होता.”

“काय?”

“पोकळ.”

“मोठ्यानं बोल गो! लॅबमधी लोकांना रिपोर्ट पन असाच कानात सांगतेस?”

“पोकळ!” आई ओरडली.

काका दुखावला. “पोकळ? जपानच्या पाहुनीसमोर पोकळ बांबू ठेवायचा? लोक काय बोलतील? यांच्या रानात चांगला बांबू नाय, असं बोलतील! माल नाय तर नाय म्हना, पन पोकळ?” आमच्याकडे भरीव बांबू म्हणजे चांगल्या घरातला बांबू. पोकळ बांबू हा कुंपणाला लावतात. मी समजावून सांगायच्या ऐवजी मान डोलावली (माझी जुनी सवय), आणि काका चुलीत सळई लाल करून त्या भरीव बांबूला भोक पाडायला बसला. दोन दिवस बसला! धुराने आईचे डोळे सुजले, तीन सळया वाकल्या आणि बांबूला पडलेल्या भोकात माझी करंगळीही जाईना. बुधवारी मी त्याला व्हिडिओ दाखवला. त्याने तो शांतपणे शेवटपर्यंत पाहिला.

“अगो, मग हा पोकळ पाहिजे!” तो म्हणाला. “आधी नाय सांगायचं?”

तासाभरात तो घराच्या मागच्या बांबूच्या बेटातून जाडजूड पोकळ कळक तोडून घेऊन आला. पेराच्या अलीकडे आडवी सळई ओवली, पुढचं तोंड तिरकं कापलं, मागच्या टोकाखाली फुटक्या पाट्याचा दगड ठेवला. विहाराच्या गच्चीवरच्या टाकीतून एक नळी आणली, नळीच्या टोकाला बारीकसा नळ. दोन कुंड्या, शेवाळाच्या जागी भाताच्या रोपासारखं दिसणारं कसलंसं गवत. मी नळ सोडला. धार पडली. बांबू भरला. वाकला. पाणी ओतलं आणि परत जागेवर आला.

टॉक्!!

मी दचकून मागे झाले. पिंपळाखालची शेळी उठून उभी राहिली. दोन कोंबड्या गेल्या त्या गेल्याच.

“हा आवाज त्या व्हिडिओत होता?” पप्पांनी विचारलं.

“मी... आवाज बंद ठेवला होता.”

पप्पांनी थोडा विचार केला. “असूदे. जपानी लोक वेळेचे पक्के असतात. घड्याळासारखं वाटेल त्यांना.”

आवाजाचं एवढं काही नाही, असं मी स्वतःला समजावलं. एका मिनिटाला एक टॉक्. चालेल. बाग झाली, माईक गेला. मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले आणि तासाभराने बघायला गेले, तर बांबू गप्प. नळ बंद.

मी सोडला. घरी आले. परत गेले. बंद!

तिसऱ्यांदा मी पिंपळाआड उभी राहिले. आत्या आली. पप्पांची मोठी बहीण, कमरेत पदर, डोक्यावर रिकामा हंडा. आत्याने वाहतं पाणी पाहिलं आणि चालता चालता, मान न वळवता, नळ बंद करून पुढे गेली.

“आत्या!”

“काय गो? तू हायस होय! कोनी मेल्यानं मघापासून नळ सोडून ठेवलाय. तिसऱ्यांदा बंद केला मी!”

“मीच सोडलाय. ते असंच असतं. पाणी पडत राहायला पाहिजे.”

“कशात?”

“बांबूत.”

“आनि मग?”

“मग तो ओतून टाकतो.”

आत्याने हंडा खाली ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, मला दवाखान्यात न्यावं का याचा अंदाज होता. “एप्रिल चाललाय, बाय. आमी विहिरीत उतरून वाटीनं पानी भरतो. धरनं सगळी आपल्या तालुक्यात, पानी जातंय मुंबईला. आनि तू ते बांबूला पाजतेस, नि तो ओकतो?”

शेवटी तह झाला: ओतलेलं पाणी खाली टबात साठेल, टबातलं पिंपळाला जाईल, आणि नळ फक्त रविवारी सोडायचा. पण आत्या एकटी थोडीच होती! सरावासाठी पाच मिनिटं नळ सोडला तरी जो जाईल तो बंद करी. पोरं बंद करत, म्हातारे बंद करत. एका बाईने धारेखाली कळशी लावून ठेवली आणि ‘भरली की हाक मार’ असं मलाच सांगून गेली. मी पाटी लावली: ‘कृपया नळ बंद करू नये.’ शनिवारी पाहिलं तर नळ बंद होता आणि वाकडी झालेली पाटी कुणीतरी नीट सरळ करून ठेवली होती.

अखेर रविवारी काकाला नळाजवळ खुर्ची टाकून पहाऱ्याला बसवलं. “काका, काही झालं तरी उठायचं नाही.”

“मी? मी हललो तर नाव बदल!”

नोरिकोताई अकराला आल्या. जीपमधून उतरल्या त्या एवढ्याशा, पांढऱ्या केसांच्या, उन्हाची टोपी घातलेल्या, आणि आल्या आल्या सगळ्यांना वाकून नमस्कार करत सुटल्या. आपले लोकही वाकले. त्या परत वाकल्या. हे बराच वेळ चाललं. तेवढ्यात मांडवातली एक खुर्ची मोडली, कुणीतरी “भीमा, खुर्ची!” म्हणून ओरडलं आणि काका स्वतःच्या बुडाखालची खुर्ची उचलून धावत गेला. (नाव अजून बदललेलं नाही.) नळ एकटा राहिला. मला आत्या दिसली. ती पाहुणीच्या स्वागताला फुलं घेऊन निघाली होती. हातात ताट होतं. तरीही तिने कोपराने नळ बंद केला!

नोरिकोताई बागेपाशी आल्या आणि थांबल्या. गुरुजींनी ऐटीत बांबूकडे हात केला. बांबू मेल्यासारखा पडून होता. त्या पाहत राहिल्या. गुरुजी माझ्याकडे पाहू लागले, आणि त्यांच्या हातातला माईक हळूहळू माझ्या दिशेने वळू लागला. मी लांबून पप्पांना दोन्ही हातांनी खुणा केल्या: नळ! सोडा! पप्पा धावले. मी हात जितके हलवले तितका त्यांनी नळ फिरवला. म्हणजे पूर्ण.

आणि नेमकं त्याच वेळी गुरुजींनी जाहीर केलं, “आता सर्वांनी डोळे मिटून पाच मिनिटं शांत बसावं.”

शंभर माणसं शांत झाली. बांबू नाही झाला.

टॉक्! टॉक्! टॉक्! टॉक्!

मिनिटाला एक कसलं! धो धो पाण्याने बांबू पिसाळल्यासारखा उठत होता आणि दगडावर आदळत होता. दर टॉक्ला गुरुजींचे मिटलेले डोळे उडत होते. शेळीने दावं तोडलं आणि बसलेल्या रांगांमधून, एक झेंडूची माळ तोंडात घेऊन, गावाबाहेर गेली. पप्पा नळ उलटा फिरवायला गेले तर तो हातातच आला. दोन लहान मुलं मोठ्याने मोजू लागली, “एकवीस! बावीस!” डोळे मिटून बसण्याचं नाटक मला जमेना. मी एक डोळा उघडला.

नोरिकोताईंचे खांदे हलत होते. त्या रडतायत असं मला वाटलं. मग त्यांनी तोंडावरचा हात काढला. त्या हसत होत्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

काकाने नळीच कोयत्याने कापली तेव्हा कुठे शांतता झाली. नोरिकोताईंनी गुरुजींना इंग्रजीत विचारलं, “हे कुणी केलं?”

गुरुजींनी हातातला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. त्यांनी माझ्या हातात माईक दिला. फसली होती ना बाग!

नोरिकोताई माझ्याकडे वळून सावकाश, सोप्या इंग्रजीत बोलू लागल्या. त्यांचे आजोबा डोंगरात भातशेती करायचे. शेतात हरणं यायची, रानडुकरं यायची. त्यांना घाबरवून हाकलायला आजोबांनी हेच यंत्र लावलं होतं. आता लोक ते बागेत शोभेला ठेवतात. पण पाहुण्याच्या स्वागताला, दारात, आणि इतक्या जोरात चाललेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, “त्या म्हणतात... छान आहे.”

टाळ्या पडल्या. गुरुजी मात्र शिक्षक होते. “एवढा वेळ बोलल्या, आणि उत्तर दोन शब्दांत? पूर्ण वाक्यात सांग.”

“फार छान आहे.”

नोरिकोताईंना वाटलं, मला समजलं नसावं. बिचाऱ्या मदतीला धावल्या. त्यांनी ओठांच्या दोन कडांना दोन बोटं लावून सुळे केले, फुरफुरल्या, आणि सत्तरी उलटलेल्या त्या बाई मांडवात चार पावलं डुकरासारख्या धावल्या! मग “टॉक्!” म्हणून स्वतःच दचकल्या आणि उलट्या पळाल्या.

“काय गो पोरी,” आत्या पहिल्या रांगेतून म्हणाली, “ती डुकराचं काय बोलते?”

आता वाट नव्हती. मी माईक तोंडाशी नेला. आयुष्यातलं माझं पहिलं जाहीर वाक्य दोन कर्ण्यांमधून, बुद्धविहारावरून, अख्ख्या गावावर गेलं:

“हे डुकरं हाकलायचं आहे!”

कुणी हसलं नाही. पप्पा तुटलेला नळ हातात घेऊन जमिनीकडे पाहत होते, ते मला अजून आठवतं. मला वाटलं, त्यांच्या ‘हाय ना’ची मी पुरती माती केली.

मग मागून काका उठला. “आनि हे तू हितं लावलंस? माझी सगळी काकडी डुकरांनी खाल्ली, नि तू हे विहाराच्या दारात लावून पाहुन्यांना हाकलतेस?”

पहिल्यांदा आत्या हसली. मग कोण थांबतंय! मग सगळ्यांना एकदम कंठ फुटला. “विचार त्यांना, आवाजाला सवय झाली की डुकर परत येतं काय?” “विचार, पिल्लावाली मादी पन पळते काय?” “विचार, आमचं डुकर तर फटाक्याला भीत नाय!” नोरिकोताईंनी वही काढली आणि चित्रं काढून उत्तरं दिली. त्यांनी विचारलं, इथे लोक काय करतात? त्यावर पत्र्याचे डबे, जुन्या साड्या, केसांच्या गुंतवळी असे सात जणांचे सात उपाय निघाले, आणि प्रत्येकाला आपला उपाय जपानपर्यंत पोचलाच पाहिजे असं वाटत होतं. गुरुजींचं स्वागताचं इंग्रजी खिशातच राहिलं. मी तब्बल दीड तास माईक धरून उभी होते. सुळे, खूर, लेंड्या, चिखल यांचं इंग्रजी, मराठी, परत इंग्रजी. हळू बोलायला वेळच मिळाला नाही. माझा आवाज मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

निघताना नोरिकोताईंनी आत्याचे हात हातात घेतले आणि काहीतरी म्हणाल्या. “काय बोलली?” आत्याने विचारलं.

“त्या म्हणतात, त्यांची आजी असती तर तिनेही नळ बंदच केला असता.”

“बघ!” आत्या मला म्हणाली. “शिकलेली बाई हाय.”

त्या दीड तासाचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता. तो नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. गेल्या महिन्यात मुरबाडच्या बाजूने एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घरची भातशेती. मुलगी जरा लाजरी आहे, बोलत नाही, असं आईने आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं. पप्पांनी काही न सांगता सरळ तो व्हिडिओ पाठवून दिला. दोन दिवस मी घरात फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला: “मुलीचं बघू, सावकाश कळवतो. आधी त्या बांबूची मापं पाठवा.”

मी स्वतः फोन घेतला आणि मोठ्याने, स्पष्ट, पूर्ण वाक्यांत मापं सांगितली. काल त्यांचा निरोप आला. डुकरं यायची बंद झाली म्हणे! माझ्याबद्दल अजून काही ठरलेलं नाही.